पॅडल मारण्यापूर्वी पाय ताणावेत का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे सायकल चालवणाऱ्यांची आहेत आणि तिघांच्याही मनात स्नायू ताणण्याविषयी, म्हणजे ज्याला आता सर्रास स्ट्रेचिंग म्हटले जाते त्याविषयी, शंका आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यात एकात एक गुंतलेले तीन-चार प्रश्न आहेत.

प्रश्न : मी ४९ वर्षांचा असून एका कारखान्याच्या हिशेब विभागात दिवसभर बसून काम करतो. गेल्या दिवाळीपासून मित्रमंडळींबरोबर सायकल चालवू लागलो. आठवड्यातून दोनदा सिंधरोटपर्यंत आणि रविवारी कधी आजवा, तर कधी हालोलमार्गे पावागडच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतो. पहाटे पाच वाजता कमाटीबागेच्या फाटकाशी जमल्यावर आमच्यातले एक ज्येष्ठ काका सर्वांना गोलात उभे करून पंधरा मिनिटे स्ट्रेचिंग करवतात. वाकून अंगठे धरायचे, एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाची टाच मागे ओढायची, भिंतीला हात लावून पोटरी ताणायची आणि प्रत्येक ताण दीड मिनिट धरून ठेवायचा. हे केले नाही तर गुडघे जातात, असे त्यांचे म्हणणे आहे. मी एकही दिवस चुकवलेला नाही. तरीही चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर उजव्या गुडघ्याची वाटी पुढून दुखू लागते आणि कंबर धरते. अंगठे तर आजही धरता येत नाहीत, बोटे नडगीच्या मध्यापर्यंतच पोहोचतात. माझे स्ट्रेचिंग कमी पडते म्हणून दुखते, की ते मुळातच निरुपयोगी आहे?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपले स्ट्रेचिंग कमी पडत नाही. गुडघ्याचे रक्षण करण्याचे जे काम काकांनी त्याच्यावर सोपवले आहे, ते त्याच्या आवाक्यातले नाही, एवढेच. काकांना दोष देण्याचेही कारण नाही. शाळेच्या मैदानावर आपल्या पिढीला हेच शिकवले गेले आणि व्यायामापूर्वी ताणाचे व्यायाम केले की दुखापत टळते, ही समजूत जगभरच्या प्रशिक्षकांनी अनेक दशके उराशी बाळगली.

ती तपासून पाहिली गेली तेव्हा काय दिसले, हे सांगतो. ऑस्ट्रेलियातील सैन्यात नव्याने भरती झालेल्या १,५३८ जवानांवर एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. निम्म्या जवानांनी प्रत्येक कवायतीपूर्वी पायांचे सहा स्नायुगट देखरेखीखाली ताणले, उरलेल्यांनी ताणले नाहीत. प्रशिक्षण संपेपर्यंत ताणणाऱ्यांच्या गटात पायाच्या १५८ आणि न ताणणाऱ्यांच्या गटात १७५ दुखापती झाल्या. हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका लहान आहे. पुढे २०१४ मध्ये २५ चाचण्यांचा आणि २६ हजारांहून अधिक व्यक्तींचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा ताणाच्या व्यायामांमुळे दुखापती कमी झाल्याचे आढळले नाही. बळ वाढवणाऱ्या व्यायामांमुळे मात्र त्या एक तृतीयांशाहूनही कमी उरल्या. या चाचण्यांतील बहुतेक लोक धावणारे, खेळणारे किंवा कवायत करणारे होते, हे खरे. तथापि सायकलीवर स्नायू अचानक ताणला जाऊन फाटण्याचा प्रसंग धावण्यापेक्षा कितीतरी दुर्मीळ असल्यामुळे, जे धावणाऱ्यांना साधले नाही ते सायकलस्वाराला साधेल अशी आशा धरण्यास आधार उरत नाही.

दुसरी समजूत अशी की स्ट्रेचिंग केल्याने दुसऱ्या दिवशी अंग आंबत नाही. यासंबंधीच्या चाचण्यांचाही आढावा घेतला गेला आहे आणि वेदनेला शून्य ते शंभर असे गुण दिले तर जो फरक पडतो तो एखाद-दुसऱ्या, फार तर चार गुणांचा असतो, म्हणजे जाणवू नये इतका. अंग आंबते ते मुख्यतः स्नायू लांबत असताना त्याच्यावर भार पडल्यामुळे. पावागडच्या पायऱ्या उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या कशा बोलतात, ते आठवून पाहावे. पॅडल मारताना स्नायू बहुतांशी आखडतच काम करतो आणि त्यामुळे तेवढ्याच श्रमाच्या मानाने सायकलस्वाराचे अंग कमी आंबते. जे मुळात कमी आहे ते आणखी कमी करण्यासाठी पहाटेची पंधरा मिनिटे खर्चावीत काय, हे आपणच ठरवावे.

दीड-दीड मिनिट ताण धरण्याविषयी मात्र मला थोडे कठोर लिहावे लागेल. एखादा स्नायू एका जागी स्थिर ठेवून ६० सेकंदांहून अधिक ताणला तर त्यानंतर लगेच त्याची ताकद सरासरीने साडेचार टक्क्यांच्या आसपास उतरते. ६० सेकंदांच्या आत ताणल्यास घट एका टक्क्याच्या जवळपास राहते. आपण शर्यतीत उतरत नाही आणि सेवउसळीच्या टपरीवर दोन मिनिटे उशिरा पोहोचल्याने कोणाचे काही बिघडत नाही, त्यामुळे हा तोटा मी फारसा मोजणार नाही. माझी हरकत वेगळी आहे. थंडीच्या पहाटे, झोपेतून उठून अर्धा तासही झालेला नसताना, गार पडलेले स्नायू ताणल्याने ते गरम होत नाहीत. स्नायू गरम होतात ते काम केल्याने. पहिली दहा-पंधरा मिनिटे हलका गिअर ठेवून, बोलता बोलता श्वास न लागेल इतक्या बेताने पाय फिरवत शहराबाहेर पडावे. सायकलस्वारासाठी यापेक्षा चांगली पूर्वतयारी नाही, आणि ती सायकलीवरच होते. गोलात उभे राहून काही करायचेच असेल, आणि मंडळी जमेपर्यंत वेळ जातोच, तर चार-पाच सूर्यनमस्कार न थांबता घालावेत. त्यात शरीराची हालचाल चालू राहते आणि प्रत्येक ताण क्षणभरच टिकतो. ज्या शहरात जुम्मादादा आणि प्रोफेसर माणिकराव यांच्या आखाड्याचे नाव अजून आदराने घेतले जाते, तेथे दंड-बैठका आणि नमस्कार यांची महती मी वेगळी सांगण्याची आवश्यकता नाही.

आता आपल्या गुडघ्याकडे वळू. पत्रात सायकलीविषयी एक अक्षर नाही, आणि मला तेच सर्वांत बोलके वाटले. पावागडच्या पायथ्यापर्यंत जाऊन-येऊन सुमारे शंभर किलोमीटर होतात. ताशी वीस किलोमीटरच्या वेगाने पाच तास आणि मिनिटाला सत्तर फेरे धरले, तर आपला प्रत्येक गुडघा त्या एका सकाळी २१,००० वेळा तीच ती हालचाल करतो. सीटच्या उंचीत दोन बोटांची चूक असेल तर तीही २१,००० वेळा होते. तिच्यापुढे पहाटेच्या दीड मिनिटाच्या ताणाचे काय चालणार?

गेल्या वर्षी याच तक्रारीचे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. त्यांना मी सायकल घेऊन बोलावले आणि ती व्हरांड्यात भिंतीला टेकवून त्यांना तिच्यावर बसवले. सीटखालच्या दांड्यावर दुकानदाराने चिकटवलेली किमतीची चिठ्ठी अजून तशीच होती आणि ती अर्धी नळीत, अर्धी बाहेर होती. म्हणजे विकत घेतल्या दिवसापासून सीट हललेलीच नव्हती. त्यांना विचारले, तर म्हणाले, “सिग्नलला दोन्ही पाय जमिनीवर टेकले पाहिजेत ना!” दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतील इतकी सीट खाली ठेवली की पॅडल वर येते तेव्हा गुडघा छातीकडे फार दुमडतो आणि वाटी मांडीच्या हाडावर अधिक जोराने दाबली जाते. पुढून दुखणाऱ्या गुडघ्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. गुडघा मागून दुखत असेल, तर बहुधा सीट उलट अधिक उंच असते.

घरी करता येईल अशी परीक्षा सोपी आहे. सायकल भिंतीलगत उभी करून, एक हात भिंतीला लावून सीटवर बसावे, पॅडल अगदी खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय गुडघ्यात सरळ झाला पाहिजे, पण त्यासाठी कुल्ला सीटवरून घसरता कामा नये. मग नेहमीप्रमाणे चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो, आणि तोच हवा असतो. सीट वर घ्यावी लागली तर एकदम घेऊ नये. दर आठवड्याला अर्धा-एक सेंटिमीटर चढवावी आणि जुन्या उंचीच्या जागी दांड्यावर चिकटपट्टीची खूण ठेवावी. त्या गृहस्थांची सीट तीन सेंटिमीटर वर न्यायला महिना लागला. सिग्नलला थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा असतो, ही सवय लावून घ्यायला मात्र त्यांना त्याहून अधिक दिवस लागले!

त्याबरोबरच हेही तपासावे की दिवाळीनंतर आपण अंतर किती झपाट्याने वाढवले. सिंधरोटवरून थेट पावागड गाठणाऱ्यांचे गुडघे आणि कंबर तक्रार करतातच, मग सीट कितीही अचूक असो. जड गिअरमध्ये दात-ओठ खात पॅडल दाबण्याची हौस असेल, तर तीही सोडावी. हलका गिअर आणि जलद फेरे गुडघ्याला मानवतात.

कंबरेचा प्रश्न थोडा निराळा आहे आणि ताणाच्या व्यायामाला थोडीफार जागा आहे ती येथे. आपण आठ तास खुर्चीत बसता, तेव्हा जांघेतील स्नायू आखडलेले असतात. तेथून उठून सायकलीवर बसता, तेव्हाही कंबर आणि मांडी यांच्यातील सांधा पूर्ण सरळ होत नाही. दिवसाचा बहुतेक भाग तो दुमडलेला राहतो. म्हणून संध्याकाळी, किंवा सायकल चालवून आल्यावर, एक गुडघा सतरंजीवर टेकून दुसरा पाय पुढे ठेवावा आणि कंबर पुढे सरकवून मागच्या पायाची जांघ ताणावी. प्रत्येक बाजूस ३० सेकंद, दोन वेळा, आठवड्यातून तीन दिवस एवढे पुरे. भुजंगासनही चालेल. यामुळे कंबरदुखी जाईलच अशी हमी मी देत नाही, परंतु दिवसभर एकाच बाजूला वाकलेल्या शरीराला उलट बाजूस नेल्यावर बरे वाटते आणि ते बरे वाटणे खरे असते.

सायकलस्वारांची कंबर किती दुखते, याचा एक नमुना पाहा. नॉर्वेतील संशोधकांनी १०९ व्यावसायिक सायकलपटूंना विचारले, तेव्हा मागील वर्षभरात ५८ टक्क्यांना कंबरदुखी आणि ३६ टक्क्यांना गुडघ्याच्या पुढच्या बाजूची वेदना झाल्याचे आढळले. एकाच अवस्थेत तासन्‌तास वाकून बसण्याची ही किंमत आहे. ती कमी करण्याचे उपाय म्हणजे हँडल थोडे वर किंवा जवळ घेणे, दर वीस मिनिटांनी पॅडलवर उभे राहून कंबर सरळ करणे आणि पाठीचे व नितंबांचे स्नायू बळकट करणे.

आणि अंगठ्यांचे काय? ते न धरता आल्याने आपले काहीही अडलेले नाही. सायकलीवर मांडीच्या मागचे स्नायू जेमतेम मधल्या पल्ल्यात काम करतात, कारण गुडघा कधीच पूर्ण सरळ होत नसतो. हँडल फार खाली असलेल्या शर्यतीच्या सायकलीवर ज्याला ओणवे बसायचे आहे आणि मागच्या स्नायूंच्या ताठरपणामुळे ज्याची पाठ कमानीसारखी वाकते, त्याला हे स्नायू मोकळे करून घेण्याचा उपयोग आहे. आपले हँडल सरळ आणि उंच असेल, तर तो प्रश्नच उद्भवत नाही. काही आठवडे नेमाने ताणल्यावर बोटे अंगठ्यांजवळ पोहोचतात तेव्हा स्नायू लांबलेला असतो असेही नाही. तो बराचसा पूर्वीइतकाच राहतो आणि आपण अधिक ताण सोसायला शिकलेले असतो.

माझ्यापुरते विचाराल तर त्या पंधरा मिनिटांतील दहा मिनिटे मी आठवड्यातून दोन दिवस बळाच्या व्यायामाला देईन. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता सावकाश उठणे-बसणे, जिन्याच्या पायरीवर एका पायाने चढणे-उतरणे, उताणे झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणे आणि टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे, हे चार प्रकार दहा-बारा वेळा, दोन आवर्तने करावेत. पूर्ण बैठका तूर्त घालू नयेत. गुडघा शांत झाल्यावर पाहू. पूर्ण पल्ल्यात केलेल्या बळाच्या व्यायामाने सांध्यांची लवचिकता ताणाच्या व्यायामाइतकीच वाढते, हेही आता पुरेसे सिद्ध झालेले आहे. सायकल चालवणाऱ्याला आणखी एका कारणासाठी हे व्यायाम हवेत : सायकलीवर शरीराचा भार सीटवर असतो, त्यामुळे चालण्या-धावण्याने हाडांना जे बळ मिळते ते केवळ सायकलीने मिळत नाही.

गुडघ्याला सूज असेल, तो अडकत असेल, किंवा कंबरेची कळ पायात उतरून मुंग्या येत असतील, तर यांपैकी काहीही करण्यापूर्वी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. काकांशी वाद घालू नये. गोलात उभे राहावे, ताण वीस सेकंदांत सोडावा आणि सीटच्या दांड्यावरची खूण त्यांनाही दाखवावी.

प्रश्न : माझे वय ६१ आहे. रोज सकाळी कारेलीबागेतून साधी लेडीज सायकल घेऊन भाजी आणायला आणि बागेत फेरफटका मारायला जाते. रात्री झोपेत पोटरीत असे गोळे येतात की ओरडत उठावे लागते. सायकल बंद करावी का? सून म्हणते की स्ट्रेचिंग करा, पण त्याने काही होत नाही असेही वाचनात आले.
— एक वाचक, कारेलीबाग, वडोदरा

उत्तर : सूनबाईंचे ऐकावे. वरच्या उत्तरात ताणाच्या व्यायामाविषयी मी हात आखडता घेतला असला, तरी पोटरीच्या गोळ्यावर त्याच्याइतका झटपट उपाय दुसरा नाही. गोळा आला की पाय सरळ करावा आणि चवडा स्वतःकडे ओढावा. हात पोहोचत नसेल तर पंचा तळव्याला अडकवून दोन्ही टोके ओढावीत. जमत असल्यास उठून उभे राहून टाच जमिनीवर दाबावी. आखडलेला स्नायू ताणला गेला की गोळा सुटतो.

गोळा येऊच नये यासाठीही थोडा उपयोग होतो. नेदरलँड्समध्ये ५५ वर्षांवरील ८० जणांपैकी निम्म्यांना सहा आठवडे रोज झोपण्यापूर्वी पोटऱ्या आणि मांड्यांचे मागचे स्नायू ताणायला सांगितले, तेव्हा त्यांचे रात्रीचे गोळे इतरांच्या मानाने स्पष्टपणे कमी झाले. आपण भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून, एक पाय मागे ठेवून, टाच न उचलता पुढे झुकावे. प्रत्येक पायाला दहा सेकंद, तीन वेळा. रात्रीचे दात घासल्यावर लगेच केले म्हणजे विसरायला होत नाही.

सायकल बंद करण्याचे कारण दिसत नाही. फक्त पॅडल टाचेकडच्या भागाने मारता की चवडा टोकाशी ताणून, हे पाहावे. सीट उंच असेल तर पाय पुरवण्यासाठी चवडा सतत खाली ताणावा लागतो आणि पोटरी आखडलेल्या स्थितीतच राबते. वैशाख-ज्येष्ठात घाम फार जातो, तेव्हा घरी परतल्यावर मीठ घातलेली छास प्यावी. रक्तदाबासाठी पथ्यावर असाल तर मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठेवावे. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल, तर पोटरीत येणाऱ्या गोळ्यांविषयीही त्यांना अवश्य सांगावे. औषध मनाने बंद करू नये. एकाच पोटरीला सूज, लाली आणि सतत दुखणे असेल, तर तो गोळा नव्हे. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

प्रश्न : तासभर सायकल चालवली की उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते. मी बोटे मागे ओढून ताणतो. आणखी कोणते स्ट्रेचिंग करावे?
— एक विद्यार्थी वाचक, प्रतापनगर, वडोदरा

उत्तर : कोणतेही करू नये. तळहाताच्या करंगळीकडील बाजूस, मनगटाजवळ, एक मज्जातंतू जातो आणि हँडलवर रेलून बसल्याने तो दाबला जातो. बोटे ओढल्याने तो दाब कमी होत नाही. हँडलवरची पकड दर पाच-दहा मिनिटांनी बदलावी, कोपर किंचित वाकलेले ठेवावे आणि जाड गादीचे हातमोजे वापरावेत. सीटचे पुढचे टोक खाली झुकलेले नाही ना, हे आधी पाहावे, कारण तसे असल्यास अंग पुढे घसरते आणि सगळा भार हातांवर येतो. सीटवर एखादी पट्टी आडवी ठेवून तिच्यावर गवंड्याची पाणसळ ठेवली की क्षणात कळते. सायकलीवरून उतरल्यानंतरही बधिरपणा दिवसभर राहत असेल किंवा शर्टाचे बटण लावताना बोटे दगा देत असतील, तर काही आठवडे सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.